दोन भ्रूण ठेवायचे की एक? जोडप्याची इच्छा आणि डॉक्टरांचा सल्ला

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड तालुक्यातील एक जोडपे नाशिकमध्ये टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार घेत आहे. पत्नीचे वय 31, दोन्ही गर्भनलिका बंद, लग्नाला सात वर्षे झालेली. पाचव्या दिवसापर्यंत वाढलेले तीन भ्रूण गोठवून ठेवले आहेत; त्यांतील दोन उत्तम प्रतीचे आहेत आणि एक मध्यम. डॉक्टर म्हणतात, एकच भ्रूण ठेवू. जोडप्याला दोन ठेवायचे आहेत. घरच्यांचे म्हणणे असे की एवढा खर्च केलाच आहे तर जुळी झाली तर सोन्याहून पिवळे. त्यांनी विचारले आहे: “पैसे आमचे, शरीर माझे, भ्रूणही आमचे. मग किती ठेवायचे हे ठरवण्याचा हक्क आमचा नाही का?”

ताई, हक्क तुमचा आहेच. तुमच्या लेखी संमतीशिवाय कोणीही तुमच्या गर्भाशयात एकही भ्रूण ठेवू शकत नाही, आणि 2021 च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार भ्रूण प्रत्यक्ष ठेवला जाईपर्यंत दिलेली संमती तुम्ही कधीही मागे घेऊ शकता. म्हणजे नको म्हणण्याचा तुमचा अधिकार पूर्ण आहे. मात्र ‘दोन हवेत’ म्हटले की डॉक्टरांनी दोन ठेवलेच पाहिजेत, असा त्याचा अर्थ होत नाही. कारण जो उपचार आपल्या रुग्णाला अपाय करील असे डॉक्टरांना वाटते, तो करण्याचे बंधन त्यांच्यावर नसते. या दोन टोकांच्या मधल्या जागेत तुमची इच्छा फार मोलाची आहे. ती नीट ऐकून घेतली गेली पाहिजे, आणि त्यासाठी ती नेमकी कशाची इच्छा आहे हे आधी उलगडायला हवे.

वंध्यत्वावरील उपचारांत अनेक वर्षे काम करताना मला सातत्याने असे दिसले आहे की ‘दोन ठेवा’ असे म्हणणाऱ्या बहुतेक जोडप्यांना खरे तर दोन भ्रूण नको असतात. कोणाला पुन्हा निगेटिव्ह रिपोर्ट पाहण्याची भीती असते. कोणाचे कर्ज काढून झालेले असते आणि दुसऱ्या खेपेचे पैसे कोठून आणायचे ही चिंता असते. अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईला पुन्हा पुन्हा रजा मिळत नाही. द्राक्षबागायतदाराला जानेवारी ते एप्रिल या तोडणीच्या दिवसांत दवाखान्याच्या फेऱ्या जमत नाहीत. आणि पुष्कळदा सासूबाईंच्या मनात असते की एकदाच काय ते होऊन जाऊ दे. या प्रत्येक कारणाला वेगळे उत्तर आहे, आणि त्यांतील बहुतेकांचे उत्तर ‘दोन भ्रूण’ हे नाही. म्हणूनच जोडपे दोनचा आग्रह धरते तेव्हा मी लगेच आकडेवारी सांगत नाही, आधी विचारते, “एक ठेवला आणि राहिला नाही, तर तुम्हाला सर्वांत जास्त कशाचे वाईट वाटेल?” त्या उत्तरातून खरी अडचण कळते.

आता मूळ गैरसमजाकडे येऊ. दोन ठेवले की यशाची शक्यता दुप्पट होते, असे बहुतेकांना वाटते. मी कागदावर हिशेब मांडून दाखवते, तोच येथे देते. समजण्यास सोपे जावे म्हणून धरून चालू की चांगल्या प्रतीच्या एका भ्रूणापासून बाळ होण्याची शक्यता 40 टक्के आहे. तुमचा खरा आकडा तुमचे वय, भ्रूणाची प्रत आणि तुमच्या केंद्रातील प्रयोगशाळा यांवर ठरेल. अशा शंभर जणींना एकाच वेळी दोन-दोन भ्रूण ठेवले, तर त्यांतील 36 जणींना काहीच राहणार नाही, 48 जणींना एक बाळ राहील आणि 16 जणींना जुळी राहतील. म्हणजे 64 जणींना यश, आणि त्या 64 मध्ये दर चौथी जुळ्यांची आई. आता त्याच शंभर जणींना एकेक करून भ्रूण ठेवू. पहिल्या खेपेला 40 जणींना यश येईल. उरलेल्या 60 जणींना दुसरा भ्रूण ठेवला की त्यांतील 24 जणींना यश येईल. बेरीज पुन्हा 64. यश तेवढेच, जुळी जवळजवळ नाहीत, आणि शिवाय पहिल्याच खेपेला यश आलेल्या 40 जणींचा दुसरा भ्रूण अजून गोठवलेला आहे, जो दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या बाळासाठी वापरता येईल. कायद्याने भ्रूण दहा वर्षांपर्यंत साठवता येतात.

हा हिशेब केवळ कागदावरचा नाही. स्कँडिनेव्हियातील केंद्रांनी 36 वर्षांखालील 661 स्त्रियांवर केलेला अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला एकाच वेळी दोन भ्रूण ठेवले. दुसऱ्या गटाला आधी एक, आणि तो न राहिल्यास नंतर गोठवलेला एक. पहिल्या गटात सुमारे 43 टक्के स्त्रियांना जिवंत बाळ झाले, दुसऱ्या गटात सुमारे 39 टक्के. फरक होता, हे मी लपवत नाही. पण पहिल्या गटातील प्रसूतींपैकी 33 टक्के जुळ्यांच्या होत्या, आणि दुसऱ्या गटात हे प्रमाण एक टक्काही नव्हते. त्या काळी गोठवण्याची पद्धत आजच्याइतकी चांगली नव्हती. आज भ्रूण क्षणार्धात गोठवण्याच्या व्हिट्रिफिकेशन पद्धतीने चांगल्या प्रयोगशाळेत 90 टक्क्यांहून अधिक भ्रूण वितळवल्यानंतर सुखरूप राहतात, त्यामुळे ‘गोठवलेला वाया जाईल’ ही भीती आता फारशी उरलेली नाही.

एकेक ठेवण्याची किंमत मात्र खरी आहे आणि ती तुम्हालाच मोजावी लागते. वरच्या हिशेबात 60 जणींना पहिल्या खेपेला नकार ऐकावा लागतो; दोन ठेवले असते तर तो 36 जणींनीच ऐकला असता. तो नकार काय असतो हे मी जवळून पाहते. गर्भ राहिला की नाही हे सांगणाऱ्या बीटा एचसीजी या रक्ततपासणीचा रिपोर्ट दुपारी येतो, नवरा गंगापूर रोडवर गाडी उभी करून फोनवर तो आकडा ऐकतो, आणि घरी जाऊन कसे सांगायचे म्हणून बराच वेळ तिथेच बसून राहतो. अशा माणसाला ‘पुढच्या महिन्यात पुन्हा प्रयत्न करू’ हे वाक्य पोकळ वाटते. म्हणून जे डॉक्टर एकच भ्रूण ठेवण्याचा सल्ला देतात, त्यांनी पहिला नकार आल्यावर हे जोडपे उपचार सोडून देणार नाही याची तजवीज आधीच करून ठेवली पाहिजे. केवळ सल्ला देऊन त्यांचे काम संपत नाही.

तुमच्या प्रश्नात तुमच्या यजमानांचे एक वाक्य आहे. मक्याची टोकण करताना आपण एका जागी दोन दाणे टाकतो, एक तरी उगवतोच, असे ते म्हणतात. शेतात हे अगदी बरोबर आहे, कारण दोन्ही उगवले तर विरळणी करताना एक रोप उपटून टाकता येते. गर्भाशयात असे करायचे म्हणजे गर्भ कमी करण्याची प्रक्रिया करावी लागते, तीत दोन्ही गर्भ गमावण्याचा धोका असतो, आणि सात वर्षे वाट पाहिलेल्या आईला तो निर्णय घ्यायला लावणे यासारखी दुसरी क्रूर गोष्ट मला ठाऊक नाही. दोन ठेवताना दोन्ही वाढवण्याची तयारी असलीच पाहिजे.

आणि दोन्ही वाढणे म्हणजे काय, हे जुळ्यांच्या बारशाचे फोटो पाहून कळत नाही. जुळ्यांच्या गरोदरपणांपैकी निम्म्याहून अधिक 37 आठवड्यांच्या आत संपतात, आणि साधारण दहातील एक 32 आठवड्यांच्याही आत. आईला बीपी वाढण्याचा धोका दुप्पट ते तिप्पट होतो. गरोदरपणातील मधुमेह, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आणि सिझरची गरज, सारेच वाढते. आपल्या भागात अनेक मुलींचे हिमोग्लोबिन मुळातच कमी असते, त्यांना दोन बाळांचा भार अधिक जड जातो. बाळांच्या बाबतीत मेंदूला इजा होऊन येणाऱ्या सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण एकट्या बाळाच्या तुलनेत सुमारे चौपट असते. बहुतेक जुळी शेवटी ठणठणीत घरी जातात, हेही तितकेच खरे आहे. परंतु एकतिसाव्या आठवड्यात जन्मलेली बाळे काचेच्या पेटीत असतात तेव्हा आई दर दोन-तीन तासांनी दूध पिळून छोट्या वाटीत देते, त्यातले काही मिलीलिटर नाकातून घातलेल्या नळीने बाळाच्या पोटात जाते, आणि वजन वीस ग्रॅमनी वाढले की त्या दिवशी घरात सण असतो. एक बाळ सुटून घरी गेले आणि दुसरे आतच राहिले, तर आई कोणाजवळ थांबणार? दोन ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्यांना मी नवजात विभागातील परिचारिकांशी बोलायला सांगते. ते बोलणे माझ्या कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक समजावून जाते.

अंतराचाही विचार करा. तुम्ही निफाडला आहात, ते जवळ आहे. पण सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील पाड्यावरून येणाऱ्या मुलीला तिसाव्या आठवड्यात रात्री कळा सुरू झाल्या, तर घाटातून नाशिकला पोहोचेपर्यंतचा वेळ हा बाळांच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचा वेळ असतो. अशा ठिकाणी राहणाऱ्या स्त्रीला दोन भ्रूण ठेवण्याआधी मी दहादा विचार करते.

खर्चाचे म्हणाल, तर त्याचा हिशेब ट्रान्सफरच्या, म्हणजे भ्रूण गर्भाशयात ठेवण्याच्या, दिवशी थांबत नाही. गोठवलेल्या भ्रूणाचे एक ट्रान्सफर हे पूर्ण सायकलपेक्षा बरेच स्वस्त असते, कारण त्यात इंजेक्शनांचा मोठा कोर्स आणि स्त्रीबीजे काढण्याची प्रक्रिया पुन्हा करावी लागत नाही. उलट दोन कमी दिवसांची बाळे खासगी रुग्णालयात काही आठवडे राहिली, तर ते बिल या सर्वांवर मात करते. माझी ठाम भूमिका अशी आहे की एकच भ्रूण ठेवा असे सांगणाऱ्या केंद्राने दुसऱ्या ट्रान्सफरचा दर सुरुवातीलाच लेखी द्यावा आणि तो वाजवी ठेवावा. बेल्जियमने 2003 मध्ये याच दिशेने पाऊल टाकले: उपचारांचा प्रयोगशाळेतील खर्च सरकारने उचलला आणि त्या बदल्यात तरुण स्त्रियांना पहिल्या खेपेला एकच भ्रूण ठेवण्याची अट घातली. दुसऱ्या संधीचे पैसे भरले जाणार आहेत हे कळले की जोडप्यांचा आग्रह बराच निवळतो. आपल्याकडे ही सोय नाही, म्हणून दर खेपेला पूर्ण पैसे मोजणाऱ्या जोडप्याने दोन मागितले तर त्याला अडाणी म्हणणे मला पटत नाही. त्यांची मागणी परिस्थितीतून आलेली असते.

नातेवाइकांत कोणाला तीन-चार भ्रूण ठेवल्याचे तुम्ही ऐकले असेल. तेही खोटे नाही. 1978 मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या जगातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीच्या वेळी एकच भ्रूण ठेवला होता, पण त्यानंतरच्या दोन दशकांत प्रयोगशाळेत भ्रूण पाच दिवस नीट वाढवता येत नव्हते, गोठवणे बेभरवशाचे होते आणि एकेका भ्रूणाची रुजण्याची शक्यता कमी होती, म्हणून संख्येवर भर दिला जाई. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2005 च्या मार्गदर्शक तत्त्वांत सर्वसाधारणपणे तीनपेक्षा अधिक ठेवू नयेत असे सांगितले होते. तंत्र सुधारले तसा सल्लाही बदलला. अमेरिकेतील प्रजनन वैद्यकाच्या संघटनेच्या 2021 च्या शिफारशींप्रमाणे 35 वर्षांखालील, चांगली शक्यता असलेल्या स्त्रीला एकच भ्रूण ठेवायचा असतो. ब्रिटनमध्ये अशा उपचारांतील जुळ्या-तिळ्यांचे प्रमाण 2008 च्या सुमारास जवळजवळ चौथ्या हिश्श्याइतके होते, ते 2019 पर्यंत सहा टक्क्यांवर आले.

आपल्याच देशातील एक नियम मला फार बोलका वाटतो. सरोगसीच्या 2022 च्या नियमांत सरोगेट मातेच्या गर्भाशयात एका खेपेला एकच भ्रूण ठेवावा आणि केवळ विशेष परिस्थितीत तीनपर्यंत ठेवता येतील, असे म्हटले आहे. दुसऱ्यासाठी गर्भ वाढवणाऱ्या स्त्रीच्या जिवाची जी काळजी कायद्याने घेतली, ती स्वतःचे बाळ वाढवणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत कमी का असावी?

याचा अर्थ दोन कधीच ठेवू नयेत असा नाही. स्त्रीचे वय 38 च्या पुढे असेल आणि स्वतःच्याच स्त्रीबीजांपासून भ्रूण तयार झाले असतील, तर प्रत्येक भ्रूणाची रुजण्याची शक्यता घटलेली असते. तेथे दोन ठेवण्याची विनंती रास्त असते आणि मी ती बहुधा मान्य करते. चांगले भ्रूण ठेवूनही वारंवार अपयश आले असेल, किंवा सर्वच भ्रूण कमी प्रतीचे असतील, तरीही तसेच. दाता स्त्रीबीजांपासून भ्रूण तयार झाले असतील तर मात्र आईचे वय चाळीस असले तरी भ्रूणाचे वय दात्या स्त्रीचे असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तेथे जुळ्यांची शक्यता भरपूर असते आणि वयस्क आईला ती झेपणे अधिक कठीण असते. उलट काही ठिकाणी कितीही आग्रह झाला तरी मी दोन ठेवत नाही: गर्भपिशवीचे तोंड कमकुवत असणे, पिशवीत पडदा असणे किंवा तिची रचना वेगळी असणे, आधीचे बाळ फार लवकर झालेले असणे, पिशवीवर फायब्रॉइडच्या (गाठींच्या) मोठ्या शस्त्रक्रियेचा व्रण असणे, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार, आटोक्यात नसलेले बीपी. अशा स्त्रीच्या बाबतीत दोन ठेवायला नकार देणे हे माझे कर्तव्य आहे, आणि त्यामुळे जोडपे दुसरीकडे गेले तरी चालेल.

एक मुलगा आणि एक मुलगी एकदमच व्हावीत, ही इच्छा बोलून दाखवली जात नाही पण असते. भ्रूणाचे लिंग पाहून निवड करणे हा 1994 च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्यानुसार आणि 2021 च्या कायद्यानुसारही गुन्हा आहे. दोन ठेवल्याने मुलगा-मुलगी अशी जोडी मिळेलच असेही नाही. या कारणासाठी दोन ठेवू नका.

ही इच्छा नेमकी कोणाची आहे, हेही पाहावे लागते. आपल्याकडे तपासणीच्या खोलीत नवरा, सासू, कधी दीर-जाऊही असतात आणि बोलते कोणी दुसरेच. म्हणून मी प्रत्येक स्त्रीशी काही वेळ एकटीने बोलते. अनेकदा बाहेर ‘दोन ठेवा’ म्हणणारी मुलगी आत आल्यावर हळूच विचारते, “मॅडम, एकच ठेवला तर चालेल का? मला भीती वाटते.” तिची ही इच्छा मोजली गेली नाही, तर संमतीपत्रावरील तिच्या सहीला अर्थ राहत नाही. घरच्यांशी बोलण्याची जबाबदारी अशा वेळी डॉक्टरांनी स्वतःकडे घ्यावी. ‘वैद्यकीय कारणासाठी एकच ठेवत आहोत’ असे डॉक्टरांनी सांगितले की घरात तिला कोणी बोल लावत नाही.

तुमच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. वय 31, अडचण फक्त गर्भनलिकांची, दोन उत्तम भ्रूण हाताशी: यापेक्षा चांगली परिस्थिती क्वचितच असते. उत्तम प्रतीचा एक भ्रूण ठेवा. उत्तम आणि मध्यम असे दोन एकत्र ठेवण्याचा पर्याय कोणी सुचवला तर तोही नाकारा. मध्यम भ्रूणामुळे यशात फारशी भर पडत नाही, जुळ्यांची शक्यता मात्र वाढते. एक भ्रूण ठेवूनही तो आपोआप विभागून एकसारखी जुळी होऊ शकतात. हे शंभरात एक-दोन वेळाच घडते, पण दोन ठेवले असताना घडले तर तिळी होतात, हेही ध्यानात असू द्या.

तुमच्याकडे द्राक्षबाग असेल तर ट्रान्सफरची तारीख तोडणी संपल्यानंतरची घ्या. गोठवलेल्या भ्रूणाला चार महिने थांबल्याने काही होत नाही, आणि तुमच्या घराला ती सवड मिळेल. त्याआधी केंद्राकडून पहिले ट्रान्सफर अयशस्वी झाल्यास दुसऱ्याला किती खर्च येईल आणि ते किती दिवसांनी करता येईल, तसेच भ्रूण साठवण्याचे वार्षिक शुल्क किती, हे लिहून घ्या. संमतीपत्रावर ठेवायच्या भ्रूणांची संख्या अंकी आणि अक्षरी भरलेली आहे याची खात्री करून मगच दोघांनी सही करा. तो रकाना कोरा ठेवू नका. पहिला भ्रूण राहिला नाही तर घाईने पुढची तारीख न घेता डॉक्टरांना पुन्हा भेटा आणि गर्भाशयाचे अस्तर, औषधे व भ्रूणाची स्थिती यांचा आढावा घ्या. त्या भेटीत उरलेले दोन्ही भ्रूण एकदम ठेवण्याचा विषय काढायचा असेल तर जरूर काढा. तेव्हा तुमच्या बाजूला एका अपयशाची माहिती जमा झालेली असेल आणि चर्चा वेगळ्या पायावर होईल, तरी 31 व्या वर्षी एका अपयशानंतर मी पुन्हा एकच ठेवण्याचा सल्ला देईन.